वारस न लागणारं शेत

एप्रिल अर्धा सरला की आमच्या खिडकीत राबाचा धूर येतो. बदलापूर पूर्वेला चौथ्या मजल्यावर आम्ही राहतो. समोर टॉवरच टॉवर आहेत, पण त्यांच्या पलीकडे बारवी धरणाच्या अंगाला अजून थोडी भातशेतं उरली आहेत. तिथली माणसं या दिवसांत शेताच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, शेणी, वाळकं गवत रचतात, वरून माती पसरतात आणि पेटवून देतात. ती भाजलेली जमीन म्हणजे राब. जूनमध्ये त्यात भाताचं बी पडतं. हा धूर डोळ्यांना चुरचुरतो, पण त्याला एक खरपूस, ओळखीचा वास असतो, आणि तो आला की वर्ष पुन्हा सुरू झालं असं मला वाटतं.

सोसायटीच्या ग्रुपवर त्याच वेळी मेसेज सुरू होतात. कोण जाळतंय, कुठे तक्रार करायची, मुलांना खोकला होतो. हीच मंडळी दिवाळीनंतर त्याच ग्रुपवर विचारतात, की जवळपास कुणाकडे शेतावरचा घरचा तांदूळ मिळेल का. तांदूळ पाहिजे आणि धूर नको. मी आजकाल नुसता फोन पालथा घालते.

माझे बाबा मात्र धूर आला की खुर्ची खिडकीशी ओढतात आणि नाक वर करून बसतात. बाबा मूळचे वांगणीकडचे, शेतकरी. आई गेल्यापासून माझ्याकडे असतात. घरात आम्ही तिघं: बाबा, मी आणि माझी मुलगी मुग्धा. नवरा बदलीच्या गावी, सणासुदीला येणारा. मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, त्यामुळे दिवसभर नाकात जे जातं, त्यापुढे राबाचा धूर मला अगरबत्तीसारखाच वाटतो.

मुग्धाची दहावी मार्चमध्ये संपली होती, आणि यंदा धूर आला त्याच आठवड्यात घरात दुसरा विषय पेटला. परीक्षेनंतर नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, घ्यायचा, हे तिला वर्षापूर्वी कबूल केलेलं. बाजारात दोनच मोठी घराणी. एकाचा डबा काळा, दुसऱ्याचा पांढरा; आमच्या घरात त्यांना याच नावांनी ओळखतात. दोन्ही घराण्यांत रोटी-बेटीचा व्यवहार नाही. काळ्यावर घेतलेले गेम पांढऱ्यावर चालत नाहीत, पांढऱ्यावरचे काळ्यावर नाहीत. मुग्धाच्या वर्गातल्या मुली पांढऱ्यावर. तिचा अंबरनाथ पूर्वेचा मावसभाऊ काळ्यावर. म्हणजे डबा निवडायचा म्हणजे सुट्टीत कुणाशी खेळायचं ते निवडायचं. सोळा वर्षांच्या पोरीला असा पेच घालणाऱ्यांची मला मनापासून चीड येते, पण हा त्यातला सगळ्यात लहान भाग.

पांढऱ्याच्या नव्या मॉडेलला डिस्क घालायची फटच नाही. गुळगुळीत चौकोन, तोंड नसलेला. काळ्याला फट हवी असेल तर ती वेगळी विकत घ्यायची आणि बाजूला चिकटवायची. आणि एवढं करून गेमची डबी घरी आणावी, तर कित्येकदा आत डिस्क नसतेच, एक चिठ्ठी असते आणि त्यावर आकडे. ते आकडे टाकले की गेम आकाशातून उतरतो. आकाशातून उतरलेलं आकाशात परतही जातं, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. ते अटींच्या त्या लांबलचक पानावर असतं, जे आपण सगळे अंगठ्याने सरसर खाली ढकलतो आणि ‘मान्य’ म्हणतो.

हे परत जाणं मी पाहिलंय. म्हणून तर धुराच्या वासाबरोबर मला तो उन्हाळा आठवतो.

तो बाबांच्या उजव्या हाताचा उन्हाळा. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, हात मात्र तसाच राहिला. बोटं आत वळलेली. ते डाव्या हाताने चमच्याने जेवायचे आणि जेवताना भिंतीकडे तोंड करायचे. व्यायाम शिकवायला येणारी बाई गुणी होती. तिने मऊ रबराचा चेंडू दिला, दिवसभर दाबत राहा म्हणाली. बाबांनी तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी खिडकीतून खाली टाकला. आयुष्यभर ज्या हाताने नांगर धरला त्याने बाळाचं खेळणं काय दाबायचं, असं त्यांचं म्हणणं.

मुग्धा तेव्हा सहावीतून सातवीत गेलेली. घरात नुकताच आलेला कन्सोल, काळ्या घराण्याचाच, आधीच्या पिढीतला. तिने एके दुपारी आजोबांच्या मांडीवर कंट्रोलर ठेवला आणि शेतीचा गेम लावून दिला. तो गेम मी उल्हासनगरहून आणलेला. कॅम्पातल्या एका गल्लीत दुकान आहे, सिंधी बाई चालवतात, सगळं गिऱ्हाईक त्यांना भाभी म्हणतं. भाभींनी मला समजावलं होतं, की डिस्क कशाला घेता, दुकानाच्या अकाउंटवरून डबा भरून देते, स्वस्तात पडतं, आयुष्यभर चालेल. आमच्या भागात निम्मी पोरं अशीच खेळतात. एक अकाउंट, त्यावर कितीतरी घरं.

बाबांनी पडद्यावरचं शेत पाहिलं आणि पहिल्यांदा हसले ते कुचेष्टेने. परदेशातली जमीन, नजर पोचणार नाही एवढी सपाट, घराएवढी यंत्रं.

“ह्या रानात मानूसच नाय,” ते म्हणाले. “आनी बांध कुठं हाय? बांधाबिगर शेत म्हंजे मैदान.”

मुग्धाने त्यांना कुंपण घालायला शिकवलं. मग ते बसले ते बसलेच. कुंपणाचे भाग जोडून त्यांनी त्या अवाढव्य जमिनीचे लहान लहान तुकडे पाडायला घेतले. गेमच्या हिशोबाने हा शुद्ध वेडेपणा, कारण यंत्र त्या तुकड्यांत वळतसुद्धा नव्हतं. गेम पुन्हा पुन्हा सुचवत होता की शेतं जोडा, फायदा वाढवा. बाबा ती सूचना शेजारणीच्या टोमण्यासारखी कानाआड करत होते. काही दिवसांनी मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला. वर एक लांबोडका तुकडा, त्याच्या खाली तीन पायऱ्या, उजवीकडे ओढ्याच्या काठाने वळत गेलेली चिंचोळी पट्टी, मध्ये एकच झाड. ते आमचं वांगणीचं शेत होतं. माळवट, तीन खाचरं, ओढ्याकाठची, चिंचेखालची.

ते शेत आता नाही. भावकीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या, बाबांनीही केली, बिल्डरने घेतलं. तिथे टॉवर उभा आहे आणि टॉवरला नाव शेतावरूनच ठेवलंय, इंग्रजीत. जाहिरातीत हिरवी खाचरं दाखवतात. ज्या खाचरांवर पाया घातला त्यांचेच फोटो लावून घरं विकायची, ही गोष्ट आठवली की मला अजून शिसारी येते. बाबा त्या रस्त्याने कधी जात नाहीत. तेव्हा मी मुग्धाला एवढंच सांगितलं की आजोबांना बसू दे.

एक अडचण राहिली होती. गेममध्ये गहू होता, मका होता, बीट होतं, ऑलिव्हसुद्धा होतं. भात नव्हतं. बाबांना ते खरंच वाटेना. नंतर कळलं की भात आहे, पण वेगळं विकत घ्यायचं. भाभींनी तेही दुकानाच्या अकाउंटवरून घालून दिलं. त्या संध्याकाळी तीन खाचरांत पाणी भरलं, आणि बाबांचा अंगठा कंट्रोलरच्या त्या लहानशा दांडीवर पुढे मागे, पुढे मागे हलत राहिला. बाहेर खिडकीत हाच राबाचा धूर होता. बाबांची एकच तक्रार. “ह्या गेमवाल्यांना राब ठाव नाय. भाजल्याबिगर कसली लावनी?”

तो उन्हाळा तसा गेला. खोलीत पंख्याची घरघर, ट्रॅक्टरची घरघर, मुग्धाच्या हातात बर्फाचा गोळा, आजोबांच्या शिव्या, नातीचं हसणं. बाबा तिला सांगायचे की चिंचेखालच्या तुकड्यात पीक नेहमी उशिरा येतं, सावली असते. ती म्हणायची की गेममध्ये सावलीने काही होत नाही. ते म्हणायचे, गेमला कळत नसेल. जून उजाडायच्या आत त्यांची बोटं उघडली. एके दिवशी आमटी-भात कालवला तो उजव्या हाताने, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मी त्या गेमवाल्यांना तेव्हा मनोमन हात जोडले होते. आज ते हात मला परत घ्यावेसे वाटतात.

कारण पुढची वर्षं बाबा ते शेत रोज कसत राहिले, आणि यंदा संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी गेमच्या चित्रावर कुलूप दिसलं. बारीक, सुबक, पिवळसर कुलूप. खाली एक ओळ: या खेळाचा परवाना तुमच्याकडे नाही. बाबांनी मला हाक मारली, वाच म्हणाले. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाले.

झालं होतं ते इतकंच. कंपनीने दुकानाचं ते अकाउंट बंद केलं, एका अकाउंटवर इतकी घरं चालतात म्हणून. त्यांच्या नियमात ते बसतही असेल. मग मी म्हटलं, आपल्या नावाने विकत घेऊ, सरळ. तर तो गेम आता विक्रीलाच नाही. ट्रॅक्टरच्या कंपन्यांशी त्यांचा करार संपला म्हणे, म्हणून दुकानातून उतरवला. नवा भाग आलाय, त्यात जुनं शेत उघडत नाही. बाबांचं शेत डब्यातच होतं, बाबांच्या नावाच्या कप्प्यात, बांधांसकट जिथल्या तिथे. फक्त त्यात पाय ठेवायची परवानगी संपली होती.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर द्यायला माणूस नव्हता, यंत्र होतं. ते म्हणालं की माझी निराशा ते समजू शकतं. मी पुन्हा लिहिलं, तेव्हाही त्याने निराशा समजून घेतली. कारखान्यातून वालधुनी नदीच्या पुलावरून येताना मी रोज नाकाला ओढणी लावते, पण त्या गोड गोड वाक्यांनी मला जी मळमळ झाली तिला ओढणी पुरत नव्हती. नदी निदान घाण आहे हे लपवत तरी नाही.

बाबांनी कंट्रोलर कपाटावर ठेवला. होळीपर्यंत त्यांचा चमचा पुन्हा डाव्या हातात आला होता.

तर अशा घरात नव्या डब्याची निवड चालली होती. मुग्धाने तुलना केली, व्हिडिओ पाहिले, मैत्रिणींशी बोलली, मावसभावाशी भांडली. शेवटी आम्ही उल्हासनगरला निघालो तेव्हा बाबा म्हणाले मीही येतो. जुना डबा पिशवीत होता. तो बदल्यात दिला, वर पैसे भरले की नवा हातात पडणार, असा दुकानाचा रिवाज; एरवी नवा आम्हाला परवडणारा नव्हता. पिशवी बाबांनीच मांडीवर घेतली होती.

भाभींचं दुकान बदललंय. पूर्वी भिंतभर डिस्क असायच्या, पोरं जुनी देऊन दुसरी घेऊन जायची, एकच डिस्क सुट्टीत कॅम्पातून अंबरनाथपर्यंत फिरून यायची. आता भिंतीवर नुसते दिवे आणि खाली दोन्ही घराण्यांचे डबे. मी भाभींवर चिडूनच गेले होते, पण त्यांनाही त्या अकाउंटने चांगलाच फटका दिलेला दिसला. कितीतरी गिऱ्हाइकं येऊन बोलून गेली होती.

“दीदी, डिस्कचा जमाना गया,” त्या म्हणाल्या. “अब सब हवा में आहे. मैं भी क्या करूँ?”

त्यांनी दोन्ही डबे समोर मांडले. यात हे चांगलं, त्यात ते चांगलं. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, “ह्यो घेतला, त्यात गेम घेतला. तो कोनाच्या नावावर चढनार?”

“जो अकाउंट बनाएगा, उसके नाम पे, अंकल.”

“आनी तो मेला तर?”

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. “तो... उसके साथ गया, अंकल.”

“वारस नाय लागत?”

“नहीं लगता.”

“दोन्हीत? काल्यात बी आनी पांढऱ्यात बी?”

“दोनों में.”

बाबांनी मान हलवली आणि पिशवीचे बंद घट्ट धरले. मला कळलं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. माझे आजोबा कूळ होते. दुसऱ्याची जमीन कसायची, अर्धं पीक नेऊन घालायचं, आणि मालकाच्या मनात आलं की बांधावरून खाली उतरायचं. मग कायदा आला, कसेल त्याची जमीन झाली, आणि सातबाऱ्यावर आजोबांचं नाव लागलं. बाबांच्या लहानपणची सगळ्यात मोठी आठवण तीच: त्या दिवशी त्यांचे वडील संध्याकाळभर बांधावर नुसते बसून राहिले होते, घरी यायलाच तयार नव्हते. नाव लागणं म्हणजे काय हे ज्या माणसाने असं पाहिलंय, त्याच्या नातीला आम्ही हौसेने, गिफ्ट पेपरात गुंडाळून, पुन्हा कूळ करत होतो. आणि या कुळाला कायदा नाही. इथे मालकाला बांधावर यावंसुद्धा लागत नाही, तो लांबूनच कुलूप लावतो. बरं, मालक दोन आहेत, तर त्यांतला एक तरी बरा निघावा. पण लोकांनी दोन रंगांवरून तावातावाने भांडत बसावं आणि आतली अट दोघांचीही एकच असावी, याचा मला तिथे दुकानात उभ्या उभ्या इतका वीट आला की काळं-पांढरं दोन्ही नजरेसमोर नको झालं.

 मुग्धाला पांढरा हवा होता, हे मला माहीत होतं. मैत्रिणींनी रात्रीची खेळायची वेळही ठरवून ठेवली होती. पण ती आजोबांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आबा, जुना नाही द्यायचा.”

“मंग तुला नवा नाय भेटनार.”

“नको. यात तुमचं शेत आहे.”

बाबा तिला म्हणाले की येडी हायस, शेत गेलं ते गेलं. पण पिशवी काही त्यांनी काउंटरवर ठेवली नाही.  मग भाभी मागच्या बाजूला गेल्या, खाली वाकल्या, आणि धुळीने भरलेली एक टोपली पुढे सरकवली. आत तुटक्या डब्या, कव्हर नसलेल्या डिस्क, कुणी परत नेल्या नाहीत त्या. मुग्धा जमिनीवर बसून टोपली उपसायला लागली. बऱ्याच वेळाने तिने एक डिस्क उजेडात धरली. तोच शेतीचा गेम, तोच भाग. चरे एवढे, की मांजराने नखं चालवली असावीत. भाभींनी ती पैसे न घेता तशीच ठेवून घ्यायला सांगितली.

घरी आल्यावर मुग्धाने डिस्कवर टूथपेस्ट लावून मऊ कपड्याने घासली. हा उपाय खरंच चालतो की आमच्याकडच्या पोरांचा समज आहे, कोण जाणे. जुन्या डब्याने डिस्क आत ओढली, थोडी कुरकुर केली, थांबला, पुन्हा कुरकुरला. कुलूप गेलं. बाबांचं नाव आलं. आणि त्याखाली एक पाटी आली: या शेतातला काही भाग आता उपलब्ध नाही, तरी पुढे जायचं का?

काही भाग म्हणजे भात. भात डिस्कवर नव्हतं, ते वेगळं घेतलेलं, बंद पडलेल्या त्या अकाउंटबरोबर गेलेलं. हे मुग्धाला कळलं, मला कळलं. आजोबांना मुग्धाने फक्त पाटी वाचून दाखवली. बाबांनी तिच्या हातातून कंट्रोलर घेतला, उजव्या हाताने, आखडलेला अंगठा डाव्या हाताने उचलून ठेवला, आणि ‘हो’ दाबलं.

शेत उघडलं. बांध सगळे जागच्या जागी. माळवट, चिंचेखालची, ओढ्याकाठची. तीन खाचरांत मात्र पाणी नाही, रोप नाही, नुसती तपकिरी माती. संक्रांतीला त्यांनी तिथे हिरवंगार सोडलं होतं. मला त्या पडद्यावर काहीतरी फेकावंसं वाटलं. माणसाची जमीन घेता, चित्रातली जमीन घेता, आणि ती परत मिळाली तर त्यातलं पीक काढून घेता. तुमचं पोट भरतं तरी कधी?

बाबा पाहत होते. ट्रॅक्टर त्यांनी हळूहळू सगळ्या बांधांवरून फिरवला. अंगठा अडखळत होता, ट्रॅक्टरही अडखळत होता. चिंचेपाशी आल्यावर थांबले.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “ह्या दिवसात शेत असंच असतं. आता कुठं राब भाजायचा म्हयना हाय.”

“आणि जूनमध्ये, आबा?” मुग्धाने विचारलं.

“जून येऊ तर दे.”

जूनमध्ये तिथे काही उगवणार नाही हे त्यांना माहीत होतं. शेतकरी माणूस आहे, मोकळी जमीन आणि मेलेली जमीन त्यांना वेगळी ओळखता येते. पण ते ट्रॅक्टर चालवत राहिले, खाचरामागून खाचर. तेवढ्यात वारा फिरला आणि खिडकीतून राबाचा धूर भपकन आत आला. खोलीभर झाला, पडद्यासमोर तरंगला, त्या तपकिरी खाचरांवरून सरकत गेला. ग्रुपवर मेसेजांची टकटक सुरू झाली. मुग्धा खोकत खिडकी लावायला उठली.

“राहू दे,” मी म्हटलं, आणि खिडकीचा दुसरा पल्लाही उघडून आले.